जुना लॅपटॉप घ्यावा की न घ्यावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत दरवर्षी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी बालसंगोपनावर, कोणी संतवाङ्मयावर. यंदा मी लॅपटॉपवर बोलणार, आणि तोही जुन्या, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. पण गेल्या वर्षभरात आपल्या आळीतल्या पाच-सहा घरांनी मला हाच प्रश्न विचारला आहे. मुलगी बारावी झाली, सून घरून काम मागते, नातवाला अभ्यासाला हवा आहे. नवा परवडत नाही, जुना मिळतो आहे, तर घ्यावा का? मी काही इंजिनिअर नव्हे. बँकेत तीस वर्षे हिशेब केले. मोठ्या बांधीव खतावण्या पाहिल्या आणि त्या जाऊन संगणक आले तेही पाहिले. तेव्हा जे सांगणार आहे ते संसारी बाईच्या नजरेने आणि हिशेबाच्या भाषेत सांगेन.

प्रथम एक उदाहरण सांगते. त्या मायलेकींच्या परवानगीने सांगते आहे. नाव मात्र सांगणार नाही.

आपल्या आळीतल्या एका भगिनी ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल-पिको करतात. त्यांची लेक बारावी झाली आणि सकाळच्या पाळीला एका दुकानात गल्ल्यावर बसू लागली. शिक्षण सुटू नये म्हणून तिने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला नाव घातले. हे विद्यापीठ १९८९ साली निघाले. त्याचे मुख्यालय आपल्याच नाशकात, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धन शिवारात आहे. नोकरी सांभाळून, घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ते काढलेले, म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच म्हणा ना! पदवीबरोबर मुलीला दोन गोष्टी शिकायच्या होत्या: टॅलीवर हिशेब ठेवणे आणि मराठी टंकलेखन. सरकारी कचेरीत लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मिनिटाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्दांचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा आता संगणकावर घेते. मोबाइलवर दोन अंगठ्यांनी कितीही झरझर लिहिले तरी दहा बोटांचा सराव काही होत नाही. तेव्हा साधन हवे हे ठरले. भिशीचे आणि शिलाईचे मिळून अठरा हजार रुपये साठले होते. एक दिवस आई म्हणाल्या, "वहिनी, तेवढ्यात बसेल असा जुना मिळतोय म्हणे. पण पैसे पाण्यात गेले तर पुन्हा साठवायला दोन वर्षं लागतील."

भगिनींनो, हे शेवटचे वाक्य ऐकले आणि मी पदर खोचला. ज्याच्या घरी पैसा आहे त्याचा जुना लॅपटॉप बिघडला तर तो नवा आणतो. जिच्या घरी दोन वर्षांची साठवण त्यात गेली, तिच्या मुलीची ती दोन वर्षेच बुडतात. म्हणून हा विचार नीट करावा लागतो.

पहिला प्रश्न दुकानात विचारायचा नसून घरी विचारायचा: काम कोणते? भांडी बाजारात जाताना आपण आधी ठरवतो की पातेले भाताला हवे की आमटीला. लॅपटॉपचेही तसेच आहे. फक्त वाचायचे, व्याख्याने पाहायची, पत्रे लिहायची, मंडळाचा जमाखर्च ठेवायचा, एवढेच काम असेल तर फार साधे यंत्र पुरते. टॅली, टंकलेखनाची परीक्षा, एखाद्या कंपनीचे ठरावीक काम असेल तर ती ती साधने ज्यावर चालतात तेच यंत्र लागते. टॅली विंडोजवर चालते. (शिकण्यापुरती तिची शैक्षणिक पद्धत फुकट वापरता येते, हे जाता जाता सांगून ठेवते.) चित्रफिती जोडणे, इमारतींचे नकाशे काढणे अशी जड कामे असतील तर स्वस्तातला जुना लॅपटॉप घेऊच नये. तो धापा टाकतो आणि आपलाही जीव मेटाकुटीला येतो. म्हणून कागद घ्यावा, काम लिहावे, आणि तो कागद घेऊनच घराबाहेर पडावे.

दुसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि तिथेच पुष्कळ जण फसतात. आपल्या कित्येक घरांत आजेसासूबाईंचे शिवणयंत्र आहे. पन्नास वर्षे झाली तरी ते चालते. तेल घातले, सुई बदलली, वादी बदलली की झाले. याचे कारण असे की दोरा आणि कापड बदललेले नाही. लॅपटॉपचे तसे नसते. तो स्वतः धडधाकट असला तरी त्याच्या भोवतीचे जग बदलत राहते. रोज नवे चोर येतात, नव्या युक्त्या निघतात, आणि त्यांना अडवण्यासाठी लॅपटॉपच्या आतल्या व्यवस्थेची डागडुजी तिच्या कंपनीकडून वरचेवर यावी लागते. ही डागडुजी इंटरनेटवरून येते. आपल्याला दिसतही नाही. ती थांबली म्हणजे यंत्र बंद पडत नाही, पण दाराची कडी निघालेल्या घरासारखे होते. घर उभे आहे, पण रात्री झोप लागायची नाही.

तेव्हा जुन्या लॅपटॉपला दोन आयुष्ये असतात असे समजा. एक डोळ्यांना दिसणारे: झाकण, बिजागरी, कळा, पडदा, बॅटरी. दुसरे न दिसणारे: त्याला डागडुजी किती दिवस मिळणार. पहिले पाहून आपण भाव करतो, आणि पैसे बुडतात ते दुसऱ्यात.

हे मी उगीच सांगत नाही. विंडोज १० ही व्यवस्था २०१५ च्या जुलैमध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची डागडुजी थांबवली. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवल्यास वर्षभराची वाढीव मुदत देण्यात आली; पण ती सोय तात्पुरती. पुढे जायचे तर विंडोज ११ घालावी लागते, आणि ती वाटेल त्या यंत्रावर रीतसर चालत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल तर, एखाददुसरा अपवाद सोडल्यास, आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. एएमडीचा असेल तर साधारणपणे रायझन २००० ही मालिका किंवा त्यापुढची लागते. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आत असावी लागते. साधारणपणे २०१८ च्या आधीचे पुष्कळसे लॅपटॉप या अटीत नापास होतात. त्यामुळे असे लॅपटॉप बाजारात आता स्वस्तात मिळू लागले आहेत. स्वस्ताई पाहून हरखून जाण्याआधी ती कशामुळे आली हे विचारावे.

पिढी ओळखणे सोपे आहे. लॅपटॉप चालू करून सेटिंग, सिस्टीम, अबाउट असे उघडले की प्रोसेसरचे नाव दिसते. समजा 'आय-फाइव्ह' या अक्षरांपुढे ६३०० असा आकडा आहे, तर पहिला आकडा सहा, म्हणजे सहावी पिढी. ८२५० असेल तर आठवी. १०२१० असेल तर पहिले दोन आकडे घ्यायचे, म्हणजे दहावी. दुकानदार नुसते "आय-फाइव्ह आहे, ताई, एकदम फास्ट" असे म्हणतो. आय-फाइव्ह हे झाले आडनाव. माणूस कोणत्या पिढीतला ते आपण विचारायचे! काही ठिकाणी जुन्या यंत्रावरही युक्तीने विंडोज ११ बसवून देतात. दिसायला ती हुबेहूब दिसते. पण अशा यंत्राला पुढची डागडुजी मिळेलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मायक्रोसॉफ्टचेच 'पीसी हेल्थ चेक' नावाचे फुकट साधन आहे. ते चालवले की यंत्र पात्र आहे की नाही हे लगेच कळते. दुकानदार ते चालवू देत नसेल तर नमस्कार करून उठावे.

आता त्या मायलेकींबरोबर मी बाजारात गेले त्याविषयी. एम. जी. रोड आणि कॅनडा कॉर्नर अशी दोन दुपार आमची पायपीट झाली. शेवटी तीन वस्तू हिशेबाला उरल्या.

पहिला लॅपटॉप नऊ हजारांचा. चकाकता, वर नवे स्टिकर लावलेले. पिढी सहावी, आणि आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. दुसरा साडेसतरा हजारांचा. कोपरे थोडे घासलेले, पण पिढी आठवी, रॅम आठ जीबी, आत एसएसडी, आणि दुकानाची सहा महिन्यांची लेखी हमी. तिसरा नवाकोरा, साधाच, पण छत्तीस हजारांचा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर वाढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रे ती उचलू लागली. त्यामुळे नव्या लॅपटॉपची किंमत खाली येईल म्हणून वाट पाहण्यातही अर्थ दिसेना.

बँकेतल्या सवयीने मी वहीत रेघा ओढल्या. किंमत भागिले उपयोगाची वर्षे. नऊ हजारांचा लॅपटॉप या मुलीच्या कामाला एक वर्ष सुरक्षितपणे धरला तरी वर्षाला नऊ हजार झाले, आणि मंद डिस्क बदलायची तर तो खर्च वेगळा. साडेसतरा हजारांचा चार वर्षे धरला तर वर्षाला चार हजार तीनशे पंचाहत्तर. छत्तीस हजारांचा सात वर्षे धरला तर वर्षाला सुमारे पाच हजार एकशे चाळीस. आता ही वर्षे म्हणजे माझा अंदाज, ब्रह्मवाक्य नव्हे. आठवी पिढी ही विंडोज ११ ची सर्वांत खालची पायरी आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. दीड-दोन हजार अधिक घालून दहावी-अकरावी मिळत असेल तर ती घ्यावी. पण या हिशेबाने एक गोष्ट स्पष्ट होते: जो सर्वांत स्वस्त वाटला तोच सर्वांत महाग होता.

नवा घेऊ नये असे मी म्हणत नाही. ज्या घरी पैसे आहेत, किंवा ज्या कामाला नवाच लागतो, तिथे अवश्य घ्यावा. पण या घरी छत्तीस हजार म्हणजे अठरा हजार रोख आणि उरलेल्यांचे हप्ते. शिलाईचे उत्पन्न लग्नसराईत असते आणि आषाढात नसते; हप्ता मात्र आषाढातही येतो. तेव्हा दुसरा लॅपटॉप ठरवण्याकडे कल झाला.

मग त्या पहिल्याचे काय? तो टाकाऊ होता काय? मुळीच नाही. त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स नावाची मोफत व्यवस्था घालता येते. लिनक्स मिंट, उबुंटू अशी तिची निरनिराळी रूपे आहेत. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाचे रूपही तयार केले आहे. यांची डागडुजी चालू असते आणि जुन्या यंत्रावर ती हलकी चालतात. ज्या घरी आजीला कीर्तने-प्रवचने पाहायची आहेत, पत्रे लिहायची आहेत, किंवा एखाद्या बचत गटाला जमाखर्चाचा तक्ता ठेवायचा आहे, तिथे असे यंत्र पाच-सात हजारांत मिळाले तर सोन्याहून पिवळे. पण या मुलीला टॅली हवी होती, म्हणून तिच्या उपयोगाचे नव्हते. एकच वस्तू एकीला लाभाची आणि दुसरीला तोट्याची असते ती अशी. म्हणून म्हटले, काम आधी लिहा.

आता लॅपटॉप पाहायला जायचे ते कसे? स्थळ पाहायला जावे तसे. मुलाचा कोट आणि बुटांची चकाकी पाहून आपण लेक देत नाही. घरदार, प्रकृती, सवयी, कर्ज, सगळ्याची चौकशी करतो. इथेही तेच.

यंत्र आधी पूर्ण बंद करायला सांगावे आणि चार्जर काढून आपल्यासमोर चालू करावे. अर्धा-पाऊण तास तिथेच बसावे. खुर्ची द्यायला दुकानदार नाही म्हणत नाहीत. एक कोरे पान उघडून प्रत्येक कळ दाबून पाहावी, एकही सोडू नये. पांढऱ्या पडद्यावर डाग किंवा रेघ दिसते का पाहावे. झाकण सावकाश उघडावे-मिटावे. बिजागरी करकरत असेल किंवा कोपरा उचलला जात असेल तर तिथून पुढे मोडणार हे नक्की. कॅमेरा, आवाज, वायफाय, पेन ड्राइव्हची खाच, सगळे करून पाहावे. बोट फिरवण्याची पट्टी फुगून वर आली असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर आतली बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. असे यंत्र फुकट दिले तरी घरी आणू नये.

बॅटरीची प्रकृती मोजताही येते. कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी चौकट उघडून तीत पॉवरसीएफजी असे लिहावे, एक जागा सोडावी, तिरकी रेघ द्यावी आणि लगेच बॅटरीरिपोर्ट असे लिहावे. अक्षरे अर्थातच इंग्रजी. मग एक अहवाल तयार होतो. बॅटरी नवी असताना किती साठवत होती आणि आज किती साठवते हे दोन्ही आकडे त्यात असतात. आम्ही पाहिलेल्या दुसऱ्या लॅपटॉपचे आकडे बेचाळीस हजार आणि पंचवीस हजार असे होते, म्हणजे साठ टक्के शक्ती उरली होती. लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरली-उतरली की थकू लागते. हा निसर्गनियम आहे, त्यात फसवणूक नाही. पण आकडा हातात असला की भाव करता येतो. मुलीने तो अहवाल दुकानदारापुढे ठेवला आणि म्हणाली, "काका, बॅटरी वर्षभरात बदलावी लागेल, तेवढे कमी करा." त्याने हजार रुपये कमी केले. मी एक शब्दही बोलले नव्हते! आकडा दाखवून भाव करणारी ती पोर पाहून मला वाटले, हिचे बी.कॉम. आजच अर्धे झाले.

तांबट आळीच्या शेजारी आयुष्य गेलेल्या आपण बायका. कोणत्या भांड्याला कल्हई लावून भागते आणि कोणते मोडीत घालायचे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. लॅपटॉपमध्ये रॅम वाढवणे, हार्ड डिस्क काढून एसएसडी घालणे, बॅटरी बदलणे ही झाली कल्हई. पुष्कळ यंत्रांत हे करता येते. काहींत रॅम डाखळून बसवलेली असते, ती वाढवता येत नाही. म्हणून आधी विचारावे. प्रोसेसरची पिढी मात्र लॅपटॉपमध्ये बदलता येत नाही असेच धरून चालावे. ते झाले बुडाला पडलेले भोक.

यानंतर मालकीची चौकशी. बाजारात येणारे बरेचसे चांगले जुने लॅपटॉप मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले असतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही नावे त्यांत वारंवार दिसतात. ते दणकट असतात आणि दुरुस्तीलाही बरे. पण कधी कधी त्यांवर जुन्या कंपनीचे कुलूप तसेच राहिलेले असते. यंत्र पुसून नव्याने चालू केले की ते "हे अमुक संस्थेचे आहे" असे सांगून तिचा परवलीचा शब्द मागते. म्हणून यंत्र पूर्ण पुसून, आपल्या नावाने आपल्यासमोर चालू करून घ्यावे. बायोस म्हणजे अगदी मुळाशी असलेल्या सेटिंगला जुन्या मालकाचा परवलीचा शब्द नाही ना, हेही उघडून पाहावे.

पक्के बिल घ्यावे. त्यावर लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरियल नंबर लिहून घ्यावा, आणि हमी असेल तर तीही कशाकशाची आहे ते लिहून घ्यावे. चोरीचा मोबाइल ओळखण्यासाठी सरकारची संचार साथी ही सोय आहे. तिथे मोबाइलचा आयएमईआय क्रमांक तपासता येतो. लॅपटॉपला साधारणपणे असा क्रमांक नसतो, म्हणून बिल हाच आपला पुरावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आणि आपण निर्दोष असलो तरी पोलीस वस्तू जप्त करतात आणि पैसे जातातच. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात भाजी, धान्य, भांडी, कपडे खुशाल घ्यावेत. लॅपटॉप कोणी रस्त्यावर पिशवीतून काढून दाखवला तर हात लावू नये. दुकानदाराने बिलावर लिहिलेली हमी पाळली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बिल असेल तर तिथे आपले म्हणणे ऐकले जाते. बिल नसेल तर काय दाखवणार?

आणि एक कळकळीने सांगते. मोबाइलवर जाहिरात पाहून, वस्तू डोळ्यांनी न पाहता, एक रुपयाही बयाणा पाठवू नये. "मी लष्करात आहे, बदली झाली आहे, म्हणून स्वस्तात विकतो आहे," असे सांगून लोकांना लुबाडण्याची युक्ती आता देशभर माहीत झाली आहे. तरी माणसे अजून फसतात, कारण गणवेशावर आपला विश्वास असतो. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर तितकी पैसे अडवून ठेवता येण्याची आशा कमी.

इथवर व्यवहार झाला. आता थोडे मनातले बोलते. रागावू नका.

आपल्या घरांतून मी एक रीत पाहते. मुलाला लॅपटॉप हवा झाला की नव्याची चौकशी होते, हप्ते निघतात, मामा मदत करतो. मुलीला हवा झाला की भावाचा जुना तिच्याकडे येतो. बॅटरी गेलेला, तीन कळा निखळलेला. "तुला काय करायचंय एवढ्याचं?" असेही वर ऐकवले जाते. जुनी वस्तू वापरण्यात कमीपणा मुळीच नाही. सबंध भाषणभर मी जुन्याचीच बाजू मांडते आहे. पण जुने द्यायचे ते काम पाहून द्यावे, मुलगी पाहून देऊ नये. ज्याचे काम जड त्याला सबळ यंत्र, ज्याचे हलके त्याला साधे. मग तो मुलगा असो वा मुलगी. या एका नियमाने घरात न्यायही होतो आणि पैसाही वाचतो. आणि जो लॅपटॉप मुलीच्या शिक्षणासाठी घेतला, त्याचे बिल तिच्याच नावाचे असावे. नाहीतर परीक्षेच्या आठवड्यात तो पाहुण्यांच्या मुलाला सिनेमा पाहायला जातो, आणि तिला "जरा समजून घे" असे सांगितले जाते.

जुना लॅपटॉप कधी घेऊ नये हेही थोडक्यात सांगते. काम फक्त महिन्यातून एखाद-दोन अर्ज भरण्याचे असेल तर घेऊ नये. त्याला सेवा केंद्र पुरते. टंकलेखनाचा नुसता महिनाभर सराव हवा असेल तर वर्गाची फी भरून तिथल्या यंत्रावर बसणे स्वस्त पडते. दुकानदार पिढी सांगत नाही, बिल देत नाही, किंवा "आजच घ्या, उद्या नाही मिळणार" म्हणून घाई करतो, तेव्हा घेऊ नये. आणि फक्त शेजारणीकडे आहे म्हणून तर मुळीच घेऊ नये.

घरात एखादा लॅपटॉप आधीच पडून असेल तर त्याचाही विचार करा. २०२२ या एका वर्षात जगात सहा कोटी वीस लाख टन विजेचा कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुन्हा कामी आल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. चालू असलेला लॅपटॉप माळ्यावर ठेवण्यापेक्षा आतील फोटो, कागद आणि बँकेची माहिती पूर्ण पुसून तो ज्याच्या कामाचा आहे त्याला द्यावा. अगदीच निकामी असेल तर रद्दीवाल्याला न देता मान्यताप्राप्त ई-कचरा केंद्राकडे द्यावा. त्यातली बॅटरी फोडणे धोक्याचे असते.

त्या मुलीचे पुढे काय झाले हे विचाराल. साडेसोळा हजारांना लॅपटॉप आला. उरलेल्या दीड हजारांतून पाचशेची पाठीवरची पिशवी घेतली आणि हजार रुपये पुढच्या बॅटरीसाठी पोस्टात टाकले. मराठीसाठी निराळा कीबोर्ड घ्यावा लागला नाही. इनस्क्रिप्टची मांडणी विंडोजमध्ये आधीच असते, ती फक्त चालू करायची. चार्जरशिवाय तो सव्वा तास चालतो, म्हणजे वीज गेली की अभ्यास थांबतो. ही उणीव आहे, आणि ती आम्ही माहीत असून पत्करली. संध्याकाळी आईचे शिवणयंत्र आणि लेकीच्या कळा एकाच खोलीत चालतात. तिचा वेग सध्या मिनिटाला बावीस शब्द आहे. तिसापर्यंत जायचे आहे; ते लॅपटॉपच्या हाती नाही, तिच्या बोटांच्या हाती आहे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आपल्यापैकी दोघी जणी मंडळाच्या खोलीत तासभर बसाव्यात. ज्या घरी जुना लॅपटॉप घ्यायचा आहे त्यांनी काम लिहिलेला कागद घेऊन यावे. हवे असेल तर त्या दोघींपैकी एकीने बाजारात बरोबर जावे. यासाठी वर्गणी नको, ठराव नको, फक्त थोडा वेळ आणि एक वही हवी. त्या वहीत कोणी काय घेतले, कितीला घेतले आणि किती टिकले हे लिहीत गेलो, तर दोन वर्षांत आपल्याकडे असा हिशेब तयार होईल की दुकानदारच आपल्याला विचारायला येतील. पहिल्या शनिवारी बसायला मी तयार आहे. दुसरी कोण, ते चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.